जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार : राखावे काय, बदलावे काय?

जीर्णोद्धार हा शब्द जैन कुटुंबांच्या नित्य परिचयाचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचे प्राचीन पार्श्वनाथ तीर्थ दीर्घकाळ झाडीत हरवले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते पुन्हा उभे राहिले. अशा प्रत्येक कामात करणाऱ्यापुढे एक प्रश्न असतो. जुन्यातले काय जसेच्या तसे ठेवायचे आणि नवे काय घालायचे? दगड बदलला तर वास्तू टिकते. पण सगळेच दगड बदलले तर ती वास्तू तीच राहिली असे म्हणता येईल काय?

हाच प्रश्न एका अगदी ऐहिक वस्तूच्या बाबतीत आज काही घरांत उभा आहे. जुन्या पेढीच्या आवारात, गोदामाच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली आजोबांनी घेतलेली अमेरिकन मोटार असते. टायर जमिनीला चिकटलेले, बैठकीत उंदरांची घरटी, काचा धुळीने आंधळ्या झालेल्या. तिचे काय करायचे, हा निर्णय बहुधा घाईने होतो. एक तर भंगारवाला येऊन वजनाने घेऊन जातो, नाही तर घरातला तरुण मुलगा ती ‘मॉडिफाय’ करायला घेतो आणि पहिल्याच महिन्यात पत्रा कापला जातो. दोन्ही निर्णयांतून परत फिरता येत नाही. म्हणून पहिला पाना हाती घेण्यापूर्वी थोडा विचार आवश्यक आहे.

‘मसल कार’ म्हणजे काय?

तरुणांच्या मनात ज्या मोटारींचे आकर्षण असते, त्यांना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. कल्पना साधी होती. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे. १९६४ साली पॉन्टिअॅक कंपनीने ‘जीटीओ’ बाजारात आणली. तिचे इंजिन जवळजवळ ६.४ लिटरचे होते. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी फोर्डची मस्टँग आली. ती घडणीने थोडी वेगळी आणि आकाराने लहान असली तरी तरुण ग्राहकाला त्याच वाटेने नेणारी होती. १९६६ मध्ये डॉज चार्जर आली. क्रायसलर कंपनीचे ‘हेमी’ नावाचे सात लिटरचे इंजिन त्याच वर्षी सर्वसाधारण ग्राहकाला मिळू लागले. त्याची शक्ती ४२५ अश्वशक्ती सांगितली जात असे.

या मोटारींची खरी शाळा घरामागचे गॅरेज होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या स्वस्त गाड्या घेऊन त्यांची इंजिने घरीच बदलत, पत्रा कापून गाडी हलकी करीत. त्या छंदाचे वेड कंपन्यांनी ओळखले आणि तयार मालाच्या रूपात विकले. मात्र हा बहर जेमतेम दहा वर्षे टिकला. विम्याचे हप्ते वाढले, १९७० च्या कायद्याने धुरावर बंधने आली आणि १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग केले. त्या दिवसांत कापून, चिरून, इंजिने बदलून टाकलेल्या असंख्य गाड्यांचे मूळ रूप हरवले. आज त्याच अमेरिकेत, ज्या गाडीचे मूळ इंजिन जागेवर आहे आणि इंजिनावरचा क्रमांक गाडीशी जुळतो, तिला जाणकार अधिक मोल देतात. ज्या देशाने गाडी कापण्याचा छंद जगाला दिला, त्यानेच न कापलेल्या गाडीची किंमत शेवटी ओळखली.

या गाड्या भारतात तयार झाल्या नाहीत. आयातीवरील कडक निर्बंध आणि जबर जकात यांमुळे त्या काळी येथे आल्या त्याही मोजक्याच. मस्टँग तर उजव्या बाजूच्या सुकाणूसह भारतात अधिकृतपणे विकली जाऊ लागली ती २०१६ मध्ये. परंतु त्यांच्या आधीच्या पिढीची, त्याच क्रायसलर घराण्यातील भावंडे महाराष्ट्रात जोडली गेली, आणि त्या कथेशी जैन व्यापारी समाजाचा थेट संबंध आहे.

कुर्ल्याचा वारसा

मुंबईत अमेरिकन मोटारी जोडण्याचे काम तसे जुने. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला होता. पण तो परकीय कंपनीचा. भारतीय मालकीचा मोटार कारखाना उभारण्याचे स्वप्न ज्यांनी पाहिले, त्यांत शेठ वालचंद हिराचंद अग्रभागी होते. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, दिगंबर जैन व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरचा व्यवसाय कापूस आणि सावकारीचा. त्यांनी मात्र रेल्वेच्या बांधकामांची कंत्राटे घेतली, १९१९ मध्ये सिंधिया जहाज कंपनीच्या उभारणीत भाग घेतला, १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना काढला आणि १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीशी त्यांनी करार केला होता. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या नावांच्या मोटारी आणि मालमोटारी बाहेर पडू लागल्या. परकीय सरकारकडून प्रोत्साहन मिळत नसताना उभा केलेला तो उद्योग होता. वालचंदजी १९५३ मध्ये निवर्तले. पुढे याच कारखान्याची फियाट घराघरांत पोहोचली. पण त्याची सुरुवात अमेरिकन गाड्यांनी झाली.

तेव्हा कुर्ल्याच्या शिक्क्याची डॉज ज्या घरी असेल, त्या घरी केवळ जुना पत्रा पडलेला नाही. एका सोलापुरी व्यापाऱ्याने पाहिलेल्या औद्योगिक स्वप्नाचा तो पुरावा आहे. त्या गाडीच्या बॉनेटखाली सहा सिलिंडरचे, साडेतीन ते पावणेचार लिटरचे, व्हॉल्व्ह बाजूला असलेले संथ इंजिन असते. ते मसल कारसारखे गुरगुरत नाही. पण साधेपणामुळे घरी दुरुस्तीला ते अधिक सोयीचे आहे.

दोन वाटा

जुनी मोटार हाती आली की दोन वाटा फुटतात. पहिली वाट मूळ रूप परत आणण्याची. दुसरी वाट बदल करण्याची : रुंद टायर, नवे इंजिन, खाली बसवलेली बॉडी, चकचकीत रंग. दुसऱ्या वाटेला सरसकट वाईट म्हणणे अन्यायाचे ठरेल. गाडी वापरायची असेल तर ती आजच्या रस्त्यावर सुरक्षित असली पाहिजे. प्रश्न असतो तो कोणता बदल मागे घेता येतो आणि कोणता येत नाही, याचा.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ने, २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. तिचे सार व्यापाऱ्याला लगेच पटावे असे आहे. जेवढे टिकवता येईल तेवढे टिकवावे. नवा भाग घालायचाच असेल तर तो पुन्हा काढता यावा. काढलेला मूळ भाग फेकू नये, गाडीबरोबर जपून ठेवावा. आणि केलेल्या प्रत्येक कामाची लेखी नोंद असावी. बोल्टने बसवलेला बदल उद्या उलटवता येतो. वेल्डिंगने केलेला आणि कापून केलेला बदल मात्र कायमचा असतो. घरातील वडीलधाऱ्यांनी आणि तरुणांनी एवढी एक रेषा आधी आखून घेतली, तर निम्मे वाद होतच नाहीत.

आधी वही, मग पाना

पेढीवर जसा रोजमेळ लिहिला जातो, तशी गाडीची एक स्वतंत्र वही घालावी. पहिल्या पानावर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक लिहावा. कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला त्या क्रमांकांचा ठसा शेजारी चिकटवावा. दुसऱ्या पानावर कागदपत्रांची यादी : आरसी बुक, कराच्या पावत्या, जुना विमा, खरेदीचे बिल. मूळ मालक दिवंगत असेल तर वारसाच्या नावे नोंद करण्यासाठी परिवहन कार्यालयात ३१ क्रमांकाचा अर्ज लागतो. भावाभावांची संमती तेव्हाच लेखी घ्यावी. गाडी भंगार असते तोवर ती कोणालाच नको असते. ती चमकू लागली की सगळ्यांची होते. या कारणाने दुरावलेली नाती कोणत्याही कारागिराला जोडता येत नाहीत.

सुटा केलेला प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचा फोटो घ्यावा. बोल्ट आणि वॉशर लहान पिशव्यांत घालून त्यावर चिठ्ठी लावावी. वर्षभराने जोडणी करताना स्मरणशक्ती कामी येत नाही, चिठ्ठी येते. अमेरिकन गाड्यांचे माप इंचात असते, त्यामुळे मिलिमीटरचे पाने वापरून बोल्टची डोकी गोल करू नयेत. आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. क्रायसलर घराण्याच्या त्या काळातील गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. हे ठाऊक नसलेला पंक्चरवाला जोर लावत राहतो आणि अखेर आटे खातो.

चंद्रपूरच्या हवेत

मोटारीचे काम ऋतू पाहून करावे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत तर विशेषच. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पावसाळा भरपूर असतो. उघडा पत्रा जुलैच्या दमट हवेत एका रात्रीत लालसर होतो. म्हणून पत्रा, गंज आणि रंग यांची कामे दिवाळी ते होळी या कोरड्या दिवसांत उरकावीत. चातुर्मासात घरात बसून करण्याजोगी लहान कामे घ्यावीत : कार्बोरेटर उघडून साफ करणे, दिव्यांच्या वाट्या घासणे, मीटर दुरुस्त करणे, वायरिंगचा आराखडा काढणे. बैठकीच्या गादीत उंदरांची पिले आढळली तर ती मोठी होऊन निघून जाईपर्यंत त्या भागाला हात लावू नये. साठ वर्षे थांबलेली गाडी आणखी तीन आठवडे थांबू शकते.

पहिली परीक्षा पत्र्याची. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक गाडीवरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे रंगाखाली लोखंडाऐवजी लांबीचा थर आहे असे समजावे. पायाखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचा तळ या तीन जागा बहुधा गंजलेल्या निघतात.

दुसरी परीक्षा इंजिनाची. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन स्टार्टर मारून किंवा गाडी ओढून फिरवू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग पाना लावून हाताने हलके फिरवून पाहावे. फिरले तर भाग्य. न फिरले तर हेड उघडावे. बळ लावले तर रिंगा तुटतात आणि जे इंजिन वाचले असते तेही जाते. कोळसा खाणी, वीजकेंद्र आणि बल्लारपूरचा कागद कारखाना यांमुळे या भागात लेथ आणि वेल्डिंगचे जाणते कारागीर आहेत. अमेरिकेतून मागवलेल्या सुट्या भागावर जकात आणि वाहतूक भरण्यापूर्वी, एखादे बुश किंवा पिन येथेच करून मिळते काय, हे आधी विचारावे.

तिसरी परीक्षा विजेची. १९५५ पर्यंतच्या क्रायसलर घराण्याच्या गाड्या सहा व्होल्टवर चालत आणि त्यांच्या बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे. आजच्या सवयीने ऋण टोक पत्र्याला लावले तर उपकरणे बिघडतात. जुनी कापडी वेष्टनाची वायर ठिसूळ झालेली असते. ती तशीच ठेवण्यात आगीचा धोका आहे.

चौथी गोष्ट इंधनाची. या गाड्या ज्या पेट्रोलसाठी बनल्या, ते आता मिळत नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व पॅकिंग कुजवते. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराच्या घालाव्यात आणि टाकीत पेट्रोल महिनोनमहिने साठवू नये. ज्या इंजिनात व्हॉल्व्हची कठीण सीट मुळात नसते, त्यात हेड उघडलेच आहे तर ती बसवून घ्यावी. उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेणे आणि तिच्यावर उष्णतारोधक आवरण घालणे हा साधा उपाय आहे.

कोणते बदल करावेत?

ब्रेक हा पहिला मान्य बदल. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकसाठी एकच मास्टर सिलिंडर असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक जात. अमेरिकेतही १९६७ च्या सुमारासच दुहेरी व्यवस्था सर्वत्र आली. दुहेरी मास्टर सिलिंडर बोल्टने बसवता येतो आणि जुना जपून ठेवता येतो. सीटबेल्ट, शक्तिमान हेडलाइट, इंडिकेटर, मोठा रेडिएटर, विजेचा पंखा, बारा व्होल्टची वायरिंग हे बदलही याच वर्गातले. ते जीव वाचवतात किंवा गाडी चालती ठेवतात, आणि उद्या उलटवता येतात. बारा व्होल्टची वायरिंग घातली तरी सहा व्होल्टचा डायनामो आणि स्टार्टर खोक्यात भरून वहीत नोंदवून ठेवावा. बैठकीसाठी चामडेच हवे असा काहींचा समज असतो. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकन गाड्यांची मूळ बैठक कापडाची किंवा रेक्झिनसारख्या आवरणाची होती. त्यामुळे जैन घरातील चामड्याविषयीची मर्यादा आणि मूळ रूपाशी निष्ठा येथे एकमेकींच्या आड येत नाहीत.

छप्पर कापणे, चेसिसची लांबी बदलणे, चाकांच्या कमानी रुंद करणे, आजच्या एसयूव्हीचे इंजिन बसवण्यासाठी आडवे बीम कापणे हे दुसऱ्या वर्गातले बदल. ते उलटवता येत नाहीत. ज्याला असा प्रयोग करावयाचा आहे, त्याने घराण्याचा इतिहास नसलेला, कागदपत्रांनी निर्वेध असा वेगळा सांगाडा शोधावा.

या दोन वर्गांच्या मधे एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो भारतातलाच आहे. पेट्रोल महाग झाल्यावर येथील अनेक अमेरिकन मोटारींत डिझेल इंजिने बसवली गेली. मुंबईत अशा गाड्या टॅक्सी म्हणूनही धावल्या. एखाद्या घरच्या डॉजमध्ये आजोबांनीच असे इंजिन बसवले असेल, तर नातवाने ते काढावे की ठेवावे? मूळ रूप म्हणजे कारखान्यातून निघालेले रूप, असे धरले तर काढावे. पण त्या डिझेल इंजिनानेच वीस वर्षे धान्याची उलाढाल सांभाळली असेल, मुलींच्या लग्नाची वऱ्हाडे नेली असतील, तर ते इंजिनही त्या घराच्या इतिहासाचा भाग झाले. काटकसर हा व्यापारी घराचा स्वभाव, आणि ते इंजिन त्या काटकसरीची खूण आहे. भावनेच्या दृष्टीने त्याला ठेवण्याचा अधिकार आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र हिशेब वेगळा होतो, आणि तो आधी समजून घ्यावा.

कायद्याची रेषा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना तेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. शिवाय अशा गाडीचा अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. डाव्या सुकाणूची गाडी असेल तर कलम १२० प्रमाणे तिला विहित पद्धतीची चालू स्थितीतील इशारा-व्यवस्था असल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही.

जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली मुख्य अट. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये. नोंदणी १० वर्षांसाठी असते. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

याचा अर्थ असा की तरुणाने उत्साहाच्या भरात कापलेला एक पत्रा किंवा बदललेले एक इंजिन गाडीला या नोंदणीपासून दूर नेऊ शकते. बाजारातले तिचे मोल तेथेच घटते. ज्या बदलाविषयी शंका असेल, त्याविषयी परिवहन कार्यालयाला आधी विचारावे. काम झाल्यावर विचारण्याने उपयोग होत नाही.

घर, मुले आणि पाणी

घरी काम करायचे तर घराची काळजी प्रथम. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ओली करून पुसून घ्यावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो घासताना मुखपट्टी वापरावी आणि मुलांना दूर ठेवावे. पेट्रोलची रिकामी टाकीही वाफेने भरलेली असते. तिला घरी वेल्डिंग कधीही करू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. भक्कम लोखंडी स्टँड लावावेत आणि एकट्याने काम करू नये.

जुने इंजिन ऑइल नाल्यात ओतण्याची खोड पुष्कळ ठिकाणी आहे. चंद्रपूरचे नाले अखेर झरपट आणि इरई नद्यांना मिळतात. थोडेसे तेलही पाण्यावर मोठा तवंग पसरवते आणि त्याखालील जिवांचा श्वास कोंडतो. डब्यात साठवलेले तेल वापरलेल्या तेलावर प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडेच द्यावे. पाणी गाळून पिणाऱ्या घराने पाण्यात तेल सोडू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

हिशेबाचा शेवट

खर्चाचा अंदाज देणे कठीण आहे, कारण पत्रा उघडल्यावरच आतला गंज दिसतो. तरी एक नियम पाळता येतो. वर्षाच्या आरंभी कुटुंबाने मिळून एक रक्कम ठरवावी आणि ती संपली की काम थांबवावे. अर्धवट थांबलेली पण नीट झाकलेली, चिठ्ठ्या लावलेली गाडी पुढच्या वर्षी पुन्हा सुरू करता येते. कर्ज काढून घाईने पूर्ण केलेली गाडी मात्र पुष्कळदा विकावी लागते. यात गुंतवणूक म्हणून पडणाऱ्याने सावध राहावे. दुरुस्तीवर घातलेला प्रत्येक रुपया विक्रीत परत येईल असे गृहीत धरण्यास आधार नाही. परिग्रहाचा मोह कोणत्याही छंदात शिरतो. एक गाडी नीट राखणाऱ्याला पाच गाड्यांचे सांगाडे जमवण्याची हाव सुटली की छंद ओझे होतो.

मिळकत असते ती वेगळ्या खात्यात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी वडिलांबरोबर रविवारी दोन तास कार्बोरेटर साफ करते, तेव्हा मोबाइल बाजूला राहतो. ‘हा बोल्ट कोणी घट्ट केला होता?’ या प्रश्नातून आजोबांच्या गोष्टी निघतात. त्या मुलाला गुरगुरणारी गाडी हवी असते, वडिलांना जुनी तशीच हवी असते. ब्रेक नवे, छप्पर जुने. वायरिंग नवी, इंजिन मूळचे, अशा तडजोडी एकत्र बसून ठरवण्यात दोघांनाही एकमेकांचे म्हणणे ऐकावे लागते.

काम पुरे झाल्यावर किल्लीबरोबर ती वहीही पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, कोणता खोक्यात ठेवला आहे, कोणत्या कारागिराने काय केले आणि त्याला किती दिले, हे सारे तीत असावे. मग पन्नास वर्षांनी नातवाला वाटलेच की आपल्या आजोबांचा एखादा निर्णय चुकला होता, तर खोके उघडून तो दुरुस्त करता येईल.